मुलं पाण्यात बुडतात, नोंद होते ‘अकस्मात मृत्यू’. पण यात अकस्मात काय असतं?

तेरच्या गोरोबा काकांची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. बायको पाणी आणायला निघाली, जाताना लहानग्याकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. गोरोबा चिखल तुडवत होते, विठ्ठलाच्या नामात रंगले होते. मूल रांगत रांगत त्या चिखलात आलं आणि बापाच्या पायाखाली गेलं. त्यांना कळलंही नाही.

ही कथा भक्तीची म्हणून सांगितली जाते, आणि पुढे पांडुरंगाच्या कृपेने ते मूल परत मिळतं. आपण आज त्यातली फक्त सुरुवात बघूया. आई पाण्याला गेली आहे. बाप घरातच आहे, मुलापासून चार पावलांवर आहे, पण कामात गढला आहे. मूल रांगायच्या वयाचं आहे. आणि मधे कुठलाही आडोसा नाही.

आज धाराशिव जिल्ह्यातच काय, जगात कुठेही लहान मुलं पाण्यात कशी बुडतात याचा अभ्यास करणारे जे चित्र मांडतात, ते जवळजवळ हेच असतं. मोठं माणूस जवळ असतं. लक्ष दुसरीकडे असतं. पाणी घराजवळच असतं. आणि सगळं काही मिनिटांत संपतं.

फरक एवढाच, की खऱ्या आयुष्यात मूल परत मिळत नाही. पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते आणि फाइल बंद होते. या लेखात आपण तो ‘अकस्मात’ शब्दच जरा तपासून बघणार आहोत.

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये बुडून होणाऱ्या मृत्यूंवर जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. म्हणजे तासाला ३० च्या आसपास. त्यातला जवळपास चौथा हिस्सा ५ वर्षांखालच्या मुलांचा होता. १ ते ४ वर्षं वयात बुडणं हे मृत्यूचं चौथ्या क्रमांकाचं कारण आहे, तर ५ ते १४ वयात तिसऱ्या क्रमांकाचं. १० पैकी ९ हून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

आता भारत. एनसीआरबीच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ३८,५०३ लोक बुडून मेले. दिवसाला शंभराहून जास्त. राज्यांच्या यादीत मध्य प्रदेश पहिला आणि महाराष्ट्र दुसरा होता.

हा आकडा किती मोठा आहे ते कळण्यासाठी एक तुलना करूया. त्याच वर्षी देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदवले गेले. म्हणजे खुनापेक्षा बुडून मरणारे जास्त. पण टीव्हीवर आणि आपल्या फीडवर खुनाच्या बातम्या किती असतात आणि बुडण्याच्या किती, ते तुम्हीच आठवून बघा.

अजून एक गोष्ट. बुडण्याचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र, बोट, धबधबा येतो. प्रत्यक्षात बोट उलटून होणारे मृत्यू एकूण आकड्यात अगदी थोडे असतात. बहुतेक माणसं तोल जाऊन, पाय घसरून किंवा पोहायला उतरून जवळच्याच पाण्यात जातात. विहीर, तळं, कालवा, ओढा, नदीतला डोह.

दुष्काळी जिल्ह्यात बुडायला पाणी आहे कुठे?

हा प्रश्न धाराशिवबद्दल हमखास विचारला जातो. बाहेरच्या माणसाला मराठवाडा म्हटलं की टँकर आठवतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मग इथे मुलं बुडतात कशी?

उत्तर दुष्काळातच आहे. पाणी कमी, म्हणून ते साठवावं लागतं. साठवायचं तर खोल साठवावं लागतं. आणि जिथे खोल पाणी साठतं तिथे धोका साठतो.

तेर तेरणा नदीच्या काठावर आहे. गोरोबा काकांचं समाधी मंदिरही नदीकाठीच आहे. जवळच तेरणा मध्यम प्रकल्पाचा तलाव आहे. उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा खोलगट जागी डोह आणि डबकी उरतात. वाळू उपशाचे खड्डे पाण्याने भरले की वरून काही दिसत नाही. गुडघाभर पाण्यातून चालणारं पोर पुढच्या पावलाला डोक्याइतक्या पाण्यात जातं.

त्यात गेल्या दहा-बारा वर्षांत आणखी भर पडली. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं आणि गावोगावचे नाले खोल, रुंद झाले. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्यात शेततळ्याचं सर्वात मोठं माप होतं ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर. ३ मीटर म्हणजे जवळपास १० फूट. सहा वर्षांच्या मुलाची उंची असते पावणेचार फुटांच्या आसपास.

शेततळ्यांनी अनेक शेतकऱ्यांची बाग जगवली, हे नाकारून चालणार नाही. पण पाणी जिरू नये म्हणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात. तो ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो. बाजू तिरप्या उताराच्या असतात. त्यामुळे आत गेलेल्याला पाय रोवायला जागा मिळत नाही आणि हाताने धरायला काही सापडत नाही. चांगलं पोहता येणारा मोठा माणूसही अशा तळ्यातून वर येताना दमून जातो. काठापासून हातभर अंतरावर माणसं बुडतात, ती यामुळेच.

विहिरीला निदान पायऱ्या तरी असायच्या. कठडा नसला तरी खाचा असायच्या, मोटेच्या थारोळ्याचे दगड असायचे.

जुन्या डोहांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. साती आसरा. मराठवाड्यात अनेक डोहांच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड दिसतात. ‘तिकडं जाऊ नको, आसरा वढून नेतील’ असं आज्जी सांगायची. आसरा ओढतात की नाही हा वाद बाजूला ठेवू. पण या पाण्यापासून लांब राहायचं, एवढा निरोप त्या शेंदराने पोराला नक्की मिळायचा. नवीन शेततळ्याच्या काठावर ना शेंदूर आहे ना पाटी.

आणि पोहणं? चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून, कमरेला कासरा लावून काकाने विहिरीत ढकललं होतं, ही आठवण तो हसत सांगेल. ती पद्धत पुस्तकी नव्हती, पण त्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. अंगाला तरंगणारी वस्तू आणि दोर धरणारा मोठा माणूस. आता ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत कित्येक विहिरींचा तळ उघडा पडलेला असतो. विहिरीत पोहायला शिकणं मागे पडत चाललं आहे आणि खोल पाण्याच्या जागा मात्र वाढल्या आहेत.

बुडणारा माणूस ओरडत का नाही?

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा वाचवा’ ओरडतो. प्रत्यक्षात असं क्वचितच होतं. ओरडायला श्वास लागतो, आणि बुडणाऱ्याची सगळी धडपड फक्त श्वास घेण्यासाठी चाललेली असते. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, क्षणभर वर येतं आणि परत खाली जातं. डोकं मागे झुकलेलं असतं. हात वर उचलता येत नाहीत, कारण ते आपोआप पाणी खाली दाबत असतात. लांबून बघणाऱ्याला पोरगं पाण्यात खेळतंय असंच वाटतं.

ही धडपड बहुतेक वेळा मिनिटभराच्या आत संपते. लहान मुलांच्या बाबतीत त्याहूनही लवकर. त्यानंतर ऑक्सिजन न मिळाल्याने चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

रांगणाऱ्या किंवा नुकतंच चालायला लागलेल्या बाळासाठी तर तळंही लागत नाही. या वयात शरीराच्या मानाने डोकं जड असतं. बाळ बादलीत किंवा टबात वाकून बघतं, तोल जातो आणि डोकं खाली जातं. स्वतःला वर ओढण्याएवढी ताकद हातात नसते. तळाशी वीतभर पाणी असलं तरी ते जिवावर बेततं.

म्हणूनच ‘मी इथंच होते, आवाज आला असता तर धावले असते’ असं एखादी आई म्हणते, तेव्हा ती खरं बोलत असते. आवाज आलेलाच नसतो.

एकाच घरातली दोन-तीन मुलं एकदम का जातात?

‘शेततळ्यात बुडून सख्ख्या भावंडांचा मृत्यू’ ही बातमी तुम्ही किती वेळा वाचली आहे? यात नशिबाचा फेरा नाही, एक ठरलेला क्रम आहे. एकाचा पाय घसरतो. दुसरा हात द्यायला वाकतो, तोही जातो. तिसरा दोघांना वाचवायला उडी मारतो. कधी कधी शेवटी आई किंवा बापही त्यात असतो. बुडणारा माणूस जे हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली नेतो.

३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात एक महिला आणि चार मुलं होती. वाढत्या प्रवाहात एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं ते कुटुंब आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. काठावर माणसं होती, पण हातात दोर नव्हता.

त्यानंतर प्रशासनाने पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले, कारण व्हिडिओ देशभर गेला होता. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या, तेव्हाही चौकशी आणि अटका झाल्या. २१ मे २०२४ ला उजनी धरणात वादळी वाऱ्यात बोट बुडून सहा जण गेले, तेव्हा लाइफ जॅकेटची चर्चा झाली.

मोठ्या दुर्घटनेनंतर चर्चा होते, हे बरंच आहे. पण एकेकट्याने गेलेल्या मुलांची चर्चा होत नाही, आणि आकड्यात बहुसंख्य तीच असतात.

बोअरवेल लाइव्ह होते, शेततळं होत नाही

२००६ मध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक मुलगा बोअरवेलमध्ये पडला आणि सुमारे दोन दिवस सगळा देश टीव्हीसमोर बसून होता. तो वाचला. त्यानंतर अशा घटनांकडे माध्यमांचं, सरकारचं आणि न्यायालयाचंही लक्ष गेलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड्या बोअरवेलसाठी नियम घालून दिले. खोदण्याआधी प्रशासनाला कळवायचं, जागेवर फलक लावायचा, भोवती कुंपण घालायचं, केसिंगला झाकण बसवायचं, बंद पडलेली बोअर बुजवायची. नियम सगळीकडे पाळले जात नाहीत, पण नियम आहेत आणि ते न पाळणाऱ्याला जाब विचारता येतो.

हे का झालं? कारण बोअरवेलमधल्या मुलाची सुटका तासन्‌तास चालते. कॅमेरा पोहोचायला वेळ मिळतो. शेततळ्यातलं मूल दोन मिनिटांत गेलेलं असतं. कॅमेरा पोहोचतो तेव्हा दाखवायला फक्त काठावरच्या चपला उरतात.

त्यामुळे जे जास्त मुलांना मारतं त्याबद्दल कमी बोललं जातं. यात आपण सोशल मीडियावाले सगळे आलो.

‘अकस्मात’ नोंद आणि मदतीचा हिशोब

बुडून मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. घातपात नाही ना, एवढं तपासलं जातं. ते आवश्यकच आहे. पण त्या पाण्याला कुंपण होतं का, किती वाजता घडलं, मुलाजवळ कोण होतं, काठावर दोर होता का, याच ठिकाणी आधी कुणी बुडालं होतं का, हे प्रश्न त्या नोंदीचा मुख्य विषय नसतात. म्हणून एका मृत्यूतून पुढचा मृत्यू टाळण्याचा धडा निघत नाही.

आता सरकारी मदतीचं बघा.

एखादं मूल पुरात वाहून गेलं तर आपत्ती मदत निधीच्या निकषांनुसार वारसांना ४ लाख रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिवसह मराठवाड्यात मोठा पूर आला, परंडा-भूम भागात माणसं अडकली, तेव्हा एनडीआरएफ आणि हेलिकॉप्टरही आले. पूर ही आपत्ती मानली जाते, त्यामुळे त्यासाठी यंत्रणा आहे.

तेच मूल कोरड्या दिवशी शेततळ्यात बुडालं तर ती आपत्ती नसते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी कुटुंबाला अपघाती मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात आणि त्यात बुडणंही येतं. पण वयाची अट आहे १० ते ७५ वर्षं. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. म्हणजे शाळेत नाव नसलेलं, १ ते ४ वर्षांचं मूल या दोन्ही योजनांच्या चौकटीबाहेर राहतं. ज्या वयाला धोका सर्वात जास्त, ते वय कागदावर कुठेच बसत नाही.

पैशाने मूल परत येत नाही, हे खरं. पण सरकार ज्याचे पैसे देतं, त्याची मोजदाद ठेवतं. मोजदाद झाली की प्रश्न विचारले जातात.

बांगलादेशने काय केलं?

या विषयात आपण ज्याच्याकडून शिकावं असा देश शेजारीच आहे. बांगलादेशात घरोघरी मागच्या दारी पोखर, म्हणजे तळं असतं. तिथल्या संशोधकांनी आधी नीट मोजलं. लहान मुलं कधी बुडतात? बहुतेक सकाळी ९ ते दुपारी १ च्या दरम्यान. कुठे? घरापासून काही पावलांवर. का? त्या वेळी आई स्वयंपाक, धुणं, जनावरं यात असते आणि बाप शेतावर असतो.

वेळ कळली, जागा कळली, मग उपाय साधा झाला. गावातच एका घरात ‘आँचल’ नावाची पाळणाघरं सुरू केली. सकाळी ९ ते १, गावातलीच प्रशिक्षित बाई, वीस-पंचवीस मुलं. जी मुलं तिथे जात होती त्यांच्यात बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. थोड्या मोठ्या मुलांना गावच्या तळ्यातच बांबूचा मचाण बांधून पोहायला शिकवलं. त्या मुलांमधली घट ९० टक्क्यांहून अधिक होती. पुढे बांगलादेश सरकारने अशी हजारो केंद्रं चालवायचा प्रकल्प २०२२ मध्ये मंजूर केला. संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडणं टाळण्याचा जागतिक दिवस ठरवला, तो ठराव मांडण्यातही बांगलादेश आणि आयर्लंड पुढे होते.

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये बुडणं टाळण्यासाठीचा धोरणात्मक आराखडा प्रसिद्ध केला आहे. आराखडा आला, आता तो ग्रामपंचायतीपर्यंत यायला हवा.

आपल्याकडे अंगणवाडी आहे. पण तिथे शिकायला बसतात ती ३ ते ६ वर्षांची मुलं, तीही काही तासच. तीन वर्षांखालचं मूल आईबरोबर शेतात जातं आणि बांधावर झाडाखाली झोळीत झोपतं. किंवा सहा वर्षांची ताई त्याला सांभाळते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं तर विचारू नका. कारखान्याच्या भागात नवी जागा, अनोळखी विहीर, जवळून जाणारा कालवा आणि आईबाप पहाटेपासून फडात.

केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये ‘पाळणा’ योजना आहे. त्यात ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीतच पाळणाघर चालवता येतं. म्हणजे बांगलादेशची कल्पना राबवायला नवा कायदा लागणार नाही. आहे ती योजना तळी-विहिरी जास्त असलेल्या गावांत आधी आणावी लागेल.

तेरसारख्या गावात उद्यापासून काय करता येईल?

सगळं सरकारवर सोडायचं नसेल तर ही यादी बघा. यातलं एकही काम फार खर्चाचं नाही.

घरात:
- बादली, टब, घमेलं वापरून झालं की रिकामं करून पालथं ठेवा. हौद आणि बॅरलला झाकण आणि त्यावर वजन.
- बाळाला अंघोळ घालताना फोन वाजला तर वाजू द्या. उठायचंच असेल तर बाळाला उचलून न्या.
- सांभाळणारं माणूस एकच आणि ठरलेलं असू द्या. लग्नात, यात्रेत ‘सगळे आहेत की’ म्हटलं की लक्ष कुणाचंच नसतं. चैत्रात गोरोबा काकांच्या यात्रेला लेकरं घेऊन येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

शेतात:
- शेततळ्याला चारही बाजूंनी कुंपण. तारेचं परवडत नसेल तर बोरी-बाभळीच्या काट्यांचं. लहान मुलाला सहज उघडता येणार नाही असं फाटक.
- चारही कोपऱ्यांत गाठी मारलेला दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडा. आत पडलेल्याला धरून वर येता येतं.
- काठावर पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा तेलाचा कॅन कासऱ्याला बांधून ठेवा. फेकायला याहून स्वस्त साधन नाही.
- शेततळ्याच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता देताना कुंपण, दोर आणि पाटीचा फोटो मागावा, अशी मागणी ग्रामसभेत ठरावाने करता येते.

गावात:
- नदीतले डोह, वाळूचे खड्डे, खोल केलेले नाले यांची एक यादी करा. प्रत्येक ठिकाणी लाल रंगाचा खांब आणि ‘इथे खोल पाणी’ एवढीच पाटी. जुन्या लोकांनी शेंदूर लावला होता, आपण रंग लावू.
- फरशी पुलावरून पाणी जात असेल तर शाळा सुटण्याच्या वेळी तिथे एक माणूस उभा राहावा. अर्धा फूट जोरदार वाहतं पाणी माणसाचे पाय उचलतं. फूट-दोन फूट पाणी चारचाकीही वाहून नेऊ शकतं.
- सहा वर्षांपुढच्या मुलामुलींना पोहायला शिकवा. मुलींनाही, हे मुद्दाम लिहितोय. आधी उताणं तरंगायला शिकवा, मग हात मारायला. तरंगता आलं की मदत येईपर्यंत जीव टिकतो.

आणि प्रत्येक मुलाला एक वाक्य पाठ करून घ्या: ‘कुणी पाण्यात पडलं तर ओरड, फेक, पण उतरू नको.’ दोर, साडी, बांबू, कॅन, काहीही फेकायचं. काठावर पालथं झोपून काठी पुढे करायची. उभं राहून हात द्यायचा नाही.

पाण्यातून बाहेर काढल्यावर

इथे आपल्या फोनचा संबंध येतो. बुडालेल्या माणसाला मिठात ठेवलं की तो काही तासांनी जिवंत होतो, असा मेसेज गेली अनेक वर्षं फिरतो आहे. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात एका बुडालेल्या मुलाच्या घरच्यांनी हा मेसेज खरा मानून त्याला काही तास मिठाखाली ठेवलं. तो वाचणं शक्यच नव्हतं. मिठाने कुणीही जिवंत होत नाही. हा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला तर तिथल्या तिथे खोडून काढा, कारण तो वाचवण्याची वेळ खातो.

पोट दाबणं, उलटं टांगणं, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणं हेही करायचं नाही. त्याने पोटातलं अन्न श्वासनलिकेत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. जी गरज असते ती हवेची असते.

काय करायचं?
- एकाने लगेच १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने मुलाला कडक जमिनीवर उताणं झोपवायचं.
- श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं आणि लक्ष ठेवायचं.
- श्वास नसेल तर डोकं किंचित मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास द्यायचा. छाती वर येताना दिसली पाहिजे. अगदी लहान बाळ असेल तर त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकायचं, डोकं सरळ ठेवायचं.
- तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. मग दोन श्वास. परत ३० दाब. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.
- मूल शुद्धीवर आलं, बोललं, तरी दवाखान्यात न्यायचंच. पाणी फुप्फुसात गेलं असेल तर त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

हे वाचून येत नाही, हाताने करून येतं. गावातल्या आशाताई, शिक्षक, तरुण मंडळाची पोरं यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा सराव ठेवला तर बुडणं, साप चावणं, हार्ट अटॅक अशा सगळ्याच प्रसंगात उपयोग होतो.

मग ‘अकस्मात’ काय?

वेळ माहीत आहे. जागा माहीत आहे. वय माहीत आहे. शेततळ्याचा कागद निसरडा असतो हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं पाण्याकडे जाणार आणि पहिल्या पावसानंतर ओढ्याला पाणी येणार, हेही माहीत आहे. एवढं सगळं आधी माहीत असलेल्या गोष्टीला अकस्मात म्हणणं म्हणजे आपली जबाबदारी नशिबावर टाकणं.

दुसरीकडे, अशी बातमी आली की कमेंटमध्ये ‘आईबापाचं लक्ष कुठं होतं?’ असं हमखास लिहिलं जातं. ज्या घरात दोघांनाही मजुरीला जावं लागतं, तिथे कुणाचंही लक्ष चोवीस तास टिकत नाही. लक्ष चुकणारच, हे धरूनच कुंपण घालायचं असतं. विजेच्या डीपीला आपण जाळी लावतो, ती माणसं मूर्ख असतात म्हणून नाही, तर चूक झाली तरी जीव राहावा म्हणून.

पुढच्या वेळी ‘शेततळ्यात बुडून’ अशी बातमी दिसली तर हात जोडलेली इमोजी टाकण्याआधी एक प्रश्न टाका: त्या तळ्याला कुंपण होतं का? आणि आज संध्याकाळी स्वतःच्या शेतातल्या, गल्लीतल्या, अंगणातल्या पाण्याकडे एकदा दोन वर्षांच्या पोराच्या उंचीवरून बघा. कुठे झाकण नाही ते लगेच दिसेल.